पावसाळ्यात सुटणारे पट्टे आणि प्लास्टिकने झाकलेली पडवी

पत्र : मी चिपळूणजवळच्या गावात राहते आणि गेली तीन वर्षे घराच्या पडवीत चामड्याचे कमरपट्टे आणि खांद्याच्या पिशव्या तयार करते. अलीकडे रबरी तळाच्या चपलाही करू लागले आहे. यंदा जून-जुलैमध्ये दिलेल्या पट्ट्यांपैकी बरेच परत आले, कारण त्यांचे दोन थर एकमेकांपासून सुटले होते. दुकानदार म्हणतात की दुसऱ्या कंपनीचे चिकटवायचे सोल्यूशन वापरा. शिवाय एका बंद होणाऱ्या कारखान्यातले शिलाई मशीन मोटरीसकट स्वस्तात मिळते आहे. सपाट टेबलाचे, जाड कापड शिवायचे मशीन आहे. ते घ्यावे का? पावसाची झड येऊ नये म्हणून पडवीला प्लास्टिकचा कागद लावला आहे, त्यामुळे सोल्यूशनच्या वासाने सासूबाईंचे डोके दुखते. महिनाभर माझ्याही पायाच्या बोटांना मुंग्या येतात, पण ते सतत मांडी घालून बसल्यामुळे असावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सोल्यूशनविषयी आणि मशीनविषयी विचारले आहे, आणि त्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी पुढे देणारच आहे. परंतु पत्राच्या शेवटी तुम्ही जे वाक्य सहज लिहून टाकले, ते वाचून मी थांबलो. पायाच्या बोटांना महिनाभर येणाऱ्या मुंग्या मांडी घालून बसल्यामुळे येत असतीलही, पण त्या तुमच्या समोरच्या डब्यामुळे येत असण्याची शक्यता इतकी खरी आहे, की हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम म्हणून तुम्ही डॉक्टरांकडे जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जाताना सोल्यूशनच्या डब्याचा फोटो घेऊन जा आणि तुम्ही रोज किती तास, कशा जागेत ते वापरता हे स्वतःहून सांगा, कारण न सांगता ही शंका कोणत्याही डॉक्टरांच्या मनात सहजासहजी येणार नाही.

असे म्हणण्याचे कारण सांगतो. पादत्राणे आणि पिशव्यांसाठी आपण वापरतो ती पिवळसर सोल्यूशने म्हणजे कृत्रिम रबर आणि राळ पातळ द्रावकात विरघळवून केलेला लगदा असतो. डब्यातला मोठा हिस्सा या द्रावकाचाच असतो, आणि तो हवेत उडून गेल्यावर मागे राहणारे रबर चिकटवण्याचे काम करते. या द्रावकांमध्ये टोल्युइन असते आणि पुष्कळदा हेक्सेनही असते. हेक्सेनची वाफ दीर्घकाळ श्वासात जात राहिली, तर शरीरात तिचे रूपांतर मज्जातंतूंना इजा करणाऱ्या पदार्थात होते. सर्वांत लांब मज्जातंतू पायांकडे जाणारे असल्यामुळे मुंग्या आणि बधिरपणा बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो, नंतर हातांत येतो आणि पुढे स्नायूंची ताकद कमी होऊ लागते. जपानमध्ये १९६०च्या दशकात घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या कारागिरांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर दिसला होता. तेही तुमच्यासारखेच घरातल्या कोंदट जागेत बसून काम करणारे लोक होते. संपर्क थांबवला की बहुतेकांची प्रकृती सुधारते, मात्र काम बंद केल्यावरही काही काळ त्रास वाढत गेल्यासारखा वाटू शकतो. म्हणूनच ‘बघू, पावसाळा संपल्यावर’ असे म्हणून थांबणे योग्य नाही. डॉक्टरांनी तपासून दुसरे कारण सांगितले तर आनंदच आहे, पण ते कळेपर्यंत डबा बंद ठेवा.

सासूबाईंचे डोके दुखणे हीसुद्धा तक्रार नव्हे, सूचना आहे. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि उंबऱ्यावरून आतल्या खोलीत उतरते, त्यामुळे खाली बसून काम करणारी व्यक्ती आणि जमिनीवर अंथरूण घालून झोपणारी माणसे तिच्या थेट वाटेत असतात. पडवीच्या पलीकडे स्वयंपाकघर असेल, तर हीच वाफ जमिनीवरून सरकत शेगडीपर्यंत पोहोचू शकते आणि पेटून उलट डब्यापर्यंत येऊ शकते. प्लास्टिकचा कागद खालून किमान हातभर वर घ्या, समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या ठेवा, आणि झड येत असेल तर कागदाऐवजी पत्र्याचे छप्पर पुढे वाढवून घ्या. नाकावर बांधायचा कापडी किंवा धुळीचा मुखपट्टा वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेकरिता बनवलेली, कोळशाच्या डब्या लावलेली मुखपट्टीच लागते, आणि तीसुद्धा उघड्या हवेला पर्याय नव्हे. हातावरचे सोल्यूशन थिनरने पुसण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. खोबरेल तेल लावून चोळले, की ते गोळ्या होऊन निघते.

आता पट्ट्यांकडे वळतो. ज्या कागदाने वाफ आत कोंडली, त्यानेच तुमचे पट्टे सोडवले, असे माझे मत आहे. सोल्यूशन लावल्यावर द्रावक उडून जाताना त्या थराचा पृष्ठभाग गार पडतो, जसा माठ गार पडतो तसाच. कोकणातल्या जुलैच्या, त्यात कागदाने कोंडलेल्या हवेत आधीच पाणी काठोकाठ भरलेले असते, आणि गार पृष्ठभाग मिळताच ते त्याच्यावर सूक्ष्म दवाच्या रूपाने बसते. अशा वेळी नीट पाहिले तर पिवळसर चकचकीत थरावर किंचित दुधाळ झाक दिसते. तो थर बोटाला कोरडा लागतो आणि तुम्ही समाधानाने दोन भाग जोडता, पण मधे पाण्याचा पडदा असतो. मी स्वतः उमेदीच्या काळात पावसाळ्यातली एक पूर्ण ऑर्डर अशीच वाया घालवली आणि सोल्यूशनला दोष देत राहिलो. दुसरा डबा आणला, तोही तसाच वागला, तेव्हा कुठे हवेकडे लक्ष गेले.

दुकानदारांचा सल्ला स्वीकारण्याआधी एक चाचणी घरी करून पाहा, तिला खर्च काहीच नाही. तुमच्याच चामड्याच्या एक इंच रुंद आणि सहा इंच लांब अशा दोन पट्ट्या घ्या, त्यांचा चार इंचांचा भाग चिकटवा, दोन इंच मोकळा सोडा, आणि पूर्ण चोवीस तासांनंतर मोकळी टोके दोन हातांनी विरुद्ध दिशांना ओढा. सुटलेल्या जागी काय दिसते यावर सगळे निदान अवलंबून आहे. चामड्याचेच तंतू उपटून आले असतील तर जोड उत्तम आहे. सगळे सोल्यूशन एका बाजूला राहिले आणि दुसरी बाजू स्वच्छ, गुळगुळीत दिसली, तर त्या स्वच्छ बाजूची तयारी कमी पडली. आणि दोन्ही बाजूंना सोल्यूशन आहे, पण ते मधेच तुटून तारा निघतात, असे असेल तर थर जाड लागला किंवा द्रावक पूर्ण उडण्यापूर्वीच जोड दाबला गेला. परत आलेल्या पट्ट्यांपैकी एक उकलून हेच पाहा, तुम्हाला माझ्यापेक्षा अचूक उत्तर मिळेल.

तयारी कमी पडते ती बहुधा चामड्याच्या केसांकडच्या गुळगुळीत बाजूवर. तिथे रंग, मेण आणि वरचा चमकदार लेप असतो, आणि सोल्यूशन त्या लेपाला चिकटते, चामड्याला नाही. लेप सुटला की जोडही सुटतो. म्हणून जिथे चिकटवायचे तेवढीच जागा साठ किंवा ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने तंतू दिसेपर्यंत खरवडा आणि भुकटी ब्रशने पूर्ण झाडा. हाताला तेलकट लागणारे चामडे असेल तर खरवडण्याआधी ते उघड्या जागेत द्रावकाने पुसून कोरडे करावे लागते, आणि तरीही त्याच्या जोडावर मी पूर्ण भरवसा ठेवत नाही, कारण आतले तेल हळूहळू वर येत राहते. आतल्या तंतुमय बाजूची अडचण उलटी असते. ती पहिला हात पिऊन टाकते, म्हणून तिच्यावर एक पातळ हात देऊन तो वाळल्यावर दुसरा द्यावा. दोन्ही भागांना सोल्यूशन लावल्यावर उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटे पुरतात, पावसाळ्यात त्याहून अधिक लागतात. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श केल्यावर तार येत नसेल तेव्हाच जोडावे, आणि जोडल्यावर सरकवू नये. या जोडाची ताकद किती वेळ दाबून ठेवले यावर नाही, तर पहिल्या दाबाच्या जोरावर अवलंबून असते, त्यामुळे मधल्या भागाकडून कडेकडे हातोडीने नीट ठोकून घ्या. दुधाळ झाक दिसलीच तर घाई करू नका. भाग किंचित कोमट होतील इतकी ऊब देऊन ती झाक घालवता येते, परंतु केस वाळवायचे यंत्र सोल्यूशनच्या उघड्या डब्याजवळ मुळीच सुरू करू नये. त्यासाठी डबा झाकून, भाग दुसऱ्या जागी न्यावेत.

पण खरे सांगायचे तर पट्ट्यांच्या बाबतीत मी तुम्हाला अधिक चांगले सोल्यूशन सुचवणारच नाही. पट्टा दोन थरांचा करण्याची गरज का पडली, हे आधी पाहा. पातळ चामडे स्वस्त मिळते म्हणून त्याचे दोन थर चिकटवले जातात, आणि कमरेला रोज वाकणाऱ्या, घामाने भिजणाऱ्या वस्तूत तो जोड सतत ताणला जातो. त्याऐवजी झाडाच्या सालीत कमावलेल्या म्हशीच्या चामड्याचा, साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचा एकच थर वापरला, तर चिकटवण्याचा प्रश्नच उरत नाही. पट्टा पाठीच्या भागातून, कण्याला समांतर कापा. पोटाकडचे चामडे सैल असते आणि वर्षभरात पट्टा लांबतो. कडा पाणी लावून लाकडाने घासल्या की त्या आपोआप घट्ट आणि चमकदार होतात. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेल्या चामड्याची कड अशी घासून बसत नाही. दोन्ही चामडी ओळखायची असतील तर ताजी कापलेली कड पाहा. क्रोमच्या चामड्याच्या मधोमध निळसर-राखाडी छटा असते, सालीच्या चामड्यात ती तांबूस-तपकिरी असते आणि पाण्याचा थेंब टाकताच ते तिथे गडद होते. ‘जाड आणि स्वस्त’ म्हणून मिळणाऱ्या चामड्याची कड मात्र विशेष काळजीने तपासा. वर प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा आणि खाली सैल तंतू दिसले, तर ते कातड्याच्या वेगळ्या काढलेल्या खालच्या थरावर लेप देऊन केलेले आहे. त्याचा लेप सोल्यूशनसकट सोलून येतो आणि कोणताही कारागीर त्याला वाचवू शकत नाही.

याच संदर्भात कोल्हापुरी चपलेची आठवण ठेवण्यासारखी आहे. २०१९ साली जिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या पारंपरिक चपलेसाठी कातडे बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावले जाते, आणि तिचे थर चामड्याच्याच वादीने शिवले जातात, खिळा ठोकत नाहीत. तिथे जोडाचा भार शिलाईवर असतो. तुमच्या पिशव्यांनाही हेच लागू आहे. सोल्यूशनने शिलाई होईपर्यंत भाग जागेवर धरून ठेवावेत, एवढीच अपेक्षा ठेवा. तेवढ्यासाठी मग वासाचे सोल्यूशन तरी कशाला? अस्तरासाठी पाण्यात मिसळणारा गोंद वापरता येतो. तो पावसात वाळायला अर्धा दिवस घेतो, पण श्वासाला घातक नसतो. कडा धरण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी दोन-तीन मिलिमीटरची टेप पुरते. फक्त ती शिलाईच्या रेषेपासून आत लावा, कारण सुई टेपमधून गेली की तिला चिकटा लागतो आणि टाके चुकू लागतात. असे केले तर द्रावकाच्या सोल्यूशनचा वापर तुमच्याकडे चपलेच्या तळापुरता उरेल.

तळाबद्दल थोडक्यात. सगळे ‘रबरी’ तळ एक नसतात. साध्या रबराचा तळ खरवडून नेहमीच्या सोल्यूशनने चिकटतो. पीव्हीसीच्या तळातून मऊपणा आणणारे तेल सावकाश बाहेर येते आणि त्यामुळे नेहमीचे सोल्यूशन काही महिन्यांत चिकट लगद्यासारखे होते. त्याला पॉलियुरेथेनचे सोल्यूशनच लागते. टीपीआरच्या (थर्मोप्लास्टिक रबराच्या) तळाला आधी विशेष प्रायमर लावावा लागतो, आणि त्या प्रायमरचा वास क्लोरीनसारखा उग्र असतो. घरच्या पडवीत मी हे दोन्ही प्रकार करू नयेत असेच म्हणेन. साधे रबर घ्या, कडेने शिवून घ्या, आणि पुरवठादाराला तळ कशाचा आहे हे स्पष्ट विचारूनच माल घ्या.

आता मशीन. जे मिळते आहे ते सपाट टेबलाचे आणि जाड कापडाचे आहे, असे तुम्ही लिहिले आहे. या वर्णनावरून त्यात कापड फक्त खालच्या दात्यांनी पुढे ओढले जात असावे. कापडाला ते चालते. चामड्यात मात्र खालचा थर पुढे जातो, वरचा मशीनच्या दाबणाऱ्या पायाखाली अडकून मागे राहतो, आणि दात्यांचे ओरखडे उमटतात ते वेगळेच. चामड्यासाठी वॉकिंग फूटचे मशीन लागते, ज्यात सुई, आतला पाय आणि खालचे दाते एकत्र चालून सगळे थर बरोबर पुढे नेतात. सपाट टेबल हवे की दंडगोल (ज्यात टेबलाऐवजी नळीसारख्या अरुंद हातावर शिवले जाते), हे तुम्ही काय शिवता यावर ठरवा. पट्टा आणि पिशवीचे सुटे भाग सपाटावर उत्तम शिवले जातात, पण तयार झालेल्या पिशवीची कूस आणि तळाचा गोल शिवायला दंडगोल हाताचेच मशीन हवे. दंडगोलावर जोडटेबल बसवून सपाट काम थोडे सावकाश का होईना करता येते; सपाटावर दंडगोलाचे काम करता येत नाही. एकच घेण्याची ऐपत असेल, तर तुमच्यासाठी मी वॉकिंग फूट असलेले दंडगोल मशीन घ्या असे म्हणेन, भले त्यासाठी सहा महिने थांबावे लागले तरी.

जुने मशीन पाहायला जाल तेव्हा तुमचेच चामडे, तुमचाच दोरा आणि पिशवीत असतात तितके थर बरोबर न्या. तिथल्या कापडावर शिवून दाखवलेले पाहून निर्णय घेऊ नका. आधी मोटर बंद ठेवून चाक हाताने फिरवा. ते कुठे अडकते का, सुईचा दांडा बोटाने हलवल्यावर खुळखुळतो का, हे हाताला लगेच कळते. मग सावकाश शिवा, उलट टाका घ्या आणि तो आधीच्या भोकांतच पडतो का ते पाहा. सुई चामड्यासाठी बनवलेल्या धारदार टोकाची असावी. बॉन्डेड नायलॉनचा चाळीस नंबरचा दोरा असेल तर एकशे दहाची सुई, वीस नंबरचा असेल तर एकशे तीस किंवा एकशे चाळीसची, असा माझा हिशेब आहे. दोऱ्याचा नंबर जितका लहान तितका दोरा जाड, हे नव्याने शिकणाऱ्याला उलटे वाटते. सतत उन्हात राहणाऱ्या पिशवीला नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर दोरा अधिक टिकतो. टाका साडेतीन ते चार मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्याने चामड्यावर भोकांची ओळ पडते आणि पोस्टाच्या तिकिटासारखे ते त्या रेषेवर फाटते.

मोटर क्लचची असेल तर ती मशीनबरोबर घेऊ नका, किंवा घेतली तरी बदला. क्लचची मोटर शिवत नसतानाही पूर्ण वेगाने फिरत राहते, वीज खाते, आणि पाय जरा जड पडला की पिशवीचा कोपरा हातातून निसटतो. सर्व्हो मोटर पाय दाबला तेव्हाच फिरते आणि तिचा वेग इतका कमी ठेवता येतो की एकेक टाका मोजून घालता यावा. मोटर आणि सोल्यूशनचा डबा एका जागेत नसावेत, ठिणगीला निमित्त पुरते. पडवी ओली राहत असल्याने नीट अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा गळती-संरक्षक स्विच बसवल्याशिवाय कोणतेही यंत्र जोडू नका.

तुम्ही विचारले नाही, तरी एक सुचवतो. पिशव्यांच्या कामात शिलाईपेक्षाही फरक पडतो तो कडा छिलण्याने. दुमडायची कड रापीने, म्हणजे चामडे छिलायच्या सुरीने, पातळ केली की जोड बसका येतो, सोल्यूशन कमी लागते आणि मशीनच्या सुईवरचा ताण घटतो. छिलण्याचे यंत्र मिळते, ज्यात घंटेच्या आकाराचे गोल पाते फिरते आणि त्याला धार लावणारा दगड आतच असतो. पण तुमच्या आजच्या कामाला चांगली रापी आणि रोज सकाळी तिला दिलेली धार पुरेशी आहे. धार बोथट असली की रापी चामडे कापण्याऐवजी ओढते, आणि हात जास्त जोर लावून निसटतो. पुढे चपलांचे काम वाढले आणि यंत्रासाठी पैसे हवे असतील, तर २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत चर्मकार आणि पादत्राणे करणारे कारागीर आहेत. तिच्यात हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंतचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळण्याची तरतूद आहे. तालुक्याच्या सामाईक सेवा केंद्रात चौकशी करा.

परत आलेले पट्टे फेकू नका. उकलून, दोन्ही बाजू खरवडून, पाऊस उघडल्यावर पुन्हा जोडून कडेने शिवले तर ते गिऱ्हाइकाला देण्याजोगे होतील. तोवर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी धरेल. दोरीवर सावलीत टांगा, उन्हात नको, कारण सालीचे चामडे उन्हात कडक होऊन आखडते. आणि डॉक्टरांनी काय सांगितले, ते मला अवश्य कळवा.